निळी आली की शाबासकी

“साखरचोर आत्या, लहानपणी तू एकूण किती साखर चोरलीस गं?”

मित्रांनो, हा प्रश्न माझ्यासमोर विचारला गेला, आणि मी काचेची नसते तर तिथल्या तिथे दातओठ खाल्ले असते. विचारणारी होती भिंगरी. वय पंधरा, तोंड दिवसभर चालू. घड्याळांच्या दुकानाच्या दारात तिच्या दोन मैत्रिणी एकमेकींना चिमटे काढत उभ्या होत्या. एक उंच म्हणून तिला सगळे शिडी म्हणत, दुसरी चष्मेवाली. पैज त्यांनीच लावली होती. “हिंमत असेल तर विचारून दाखव.” आता भिंगरीला हिंमत अगदी नवीन आलेली. नवी सायकल घेतलेला माणूस समोरच्या घरी जायचं तरी सायकलवरच जातो, तसं तिचं चाललं होतं.

आत्याने डोळ्यावरचं भिंग उतरवलं. दुरुस्तीचं घड्याळ पालथं ठेवलं. मग मला उचललं आणि माझ्या पोटात साठवलेले घड्याळांचे बारीक काटे बशीत ओतले.

“मला कशाला विचारता?” ती म्हणाली. “हिला विचारा. त्या काळात या घरात माझ्यापेक्षा हिच्या शब्दाला जास्त किंमत होती.”

तर मित्रांनो, आता मीच बोलते.

मी एक जुनी काचेची नळी आहे. शाळेत मला परीक्षानळी म्हणतात. माझा जन्म काचेच्या कारखान्यात झाला. लांब नळीचा तुकडा कापायचा, ज्योतीवर फिरवत एक टोक वितळवायचं आणि फुंकर मारून त्याला गोल बूड द्यायचं, की झाली परीक्षानळी तयार. ज्या कारागिराने मला फुंकर मारली त्याला त्या दिवशी नेमकी शिंक आली. त्यामुळे मी आजही थोडी डावीकडे झुकते.

माझ्या बहिणी शाळांच्या प्रयोगशाळांत गेल्या. तिथे म्हणे मुलं त्यांच्यात रंग बदलतात, धूर काढतात, टाळ्या पिटतात. मला पाठवलं औषधाच्या दुकानात. मी काचेच्या कपाटात बसून मोठमोठी स्वप्नं पाहिली आणि नशिबी आली लघवी. हसू नका. तुम्हाला तरी कोणी विचारून जन्माला घातलं होतं?

मला विकत घेतलं एका घड्याळजीने. पुढच्या खोलीत त्याचं दुकान, मागे दोन खोल्यांत बिऱ्हाड, वर रस्त्याकडे तोंड केलेली गॅलरी. माणूस कामात असा चोख की घड्याळात अडकलेला केस त्याला कानाने ऐकू यायचा म्हणत. त्याला दोन मुलं. नऊ वर्षांची मोठी आणि सहा वर्षांचा धाकटा. ही मोठी म्हणजेच आजची आत्या, आणि धाकटा म्हणजे भिंगरीचे बाबा. हे लक्षात असू द्या, पुढे उपयोगी पडेल.

मी घरात येण्याआधीची हकीकत मी आईच्या तोंडून इतक्यांदा ऐकली की ती मला पाठच आहे. त्या वर्षी मोठीला भयंकर तहान लागायची. पाण्याचं पिंप ती एकटी तळाला नेई, आणि सकाळी अंथरूण ओलं. आई रोज गादी गॅलरीत वाळत घाली आणि मोठीला गादीशेजारी उभं करी. “बघू दे लोकांना. लाज वाटली की आपोआप सुटेल सवय.” सवय सुटली नाही. पोरगी वाळत गेली, गादी मात्र वाळेना.

मग एक दिवस ती शाळेच्या जिन्यात कोसळली. डॉक्टरांनी सांगितलं, हिच्या शरीरात इन्सुलिन तयार होत नाही, पुढेही होणार नाही. रोज सुई टोचावी लागेल, जन्मभर. “जन्मभर म्हणजे कधीपर्यंत?” मोठीने विचारलं. मोठ्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तिला पाणी दिलं.

सुई टोचायची, तर आधी साखर किती आहे ते कळायला हवं. आजच्यासारखी बोटावरची यंत्रं तेव्हा घरोघरी नव्हती. तिथे माझं काम सुरू झालं.

घड्याळजीच्या मेजावर स्पिरिटचा दिवा होताच. रोज सकाळी माझ्यात चमचाभर निळं औषध ओतायचं, त्यात मोठीच्या लघवीचे काही थेंब सोडायचे, मला चिमट्यात धरायचं आणि ज्योतीवर धरून उकळायचं. मी खदखदले की सगळं घर श्वास रोखून माझ्याभोवती उभं. निळी राहिले तर साखर नाही. हिरवी झाले तर थोडीशी, पिवळी झाले तर बरीच, नारिंगी झाले तर फारच. आणि विटकरी झाले, तर त्या दिवशी त्या घरात जन्माला आल्याचा मोठीला पश्चात्ताप व्हायचा.

घड्याळजी डोळ्याला भिंग लावून माझा रंग तपासायचा. निळी आली की मोठीला शाबासकी. तिच्या डोक्यावर हात, आणि मलाही मऊ फडक्याने पुसणं. घड्याळांच्या काचा पुसायचं खास फडकं हो! तेव्हाचा माझा तोरा काय सांगू. स्टँडवर मी अशी उभी राहायचे जशी काही मीच पहिला नंबर काढून आले आहे.

विटकरी झाले की तो मेजाच्या खणातून घड्याळाचा जुना चामडी पट्टा काढायचा.

“कुठून खाल्लीस?”

“नाही खाल्ली, बाबा.”

“यंत्र खोटं बोलत नाही. माणूस बोलतं.”

पट्टा अरुंद होता, त्यामुळे वळ बारीक उठायचे. बाह्यांच्या आत सहज मावायचे.

मित्रांनो, मी यंत्र नव्हते. साखर आहे एवढंच मला सांगता यायचं. ती कुठून आली, हे मला कोणी विचारलंही नाही आणि मला सांगताही आलं नसतं. मोठीला ताप आला तरी मी लाल व्हायचे. तिची उंची वाढू लागली तेव्हाही झाले. तिने परीक्षेची धास्ती घेतली तेव्हाही. कधीकधी तर कशासाठीच नाही. पण त्या घरात लाल म्हणजे चोरी आणि चोरी म्हणजे पट्टा, एवढा सरळ हिशेब होता.

आईने साखरेचा डबा कपाटात ठेवून कुलूप घातलं. किल्ली मेजामागच्या खिळ्याला. तरी डब्यातली साखर उतरतच होती! कशी, ते मी माझ्या फळीवरून रोज बघत होते. दुपारी सगळे लवंडले की धाकटा स्टूल ओढायचा, किल्ली काढायचा, ओलं बोट साखरेत बुडवून चोखायचा. पुन्हा बुडवायचा. शेवटी डबा हलकेच हलवून बोटाचा खळगा सपाट करायचा. सहा वर्षांचा, पण हातात सफाई बापाची.

झालं. एकीकडे डबा, दुसरीकडे मी. आम्ही दोघांनी मिळून मोठीला पुरती अडकवली.

“साखरचोर!” असं पहिल्यांदा ओरडला तोही धाकटाच, गॅलरीत उभा राहून, खाली खेळणाऱ्या पोरांना ऐकू जाईल अशा बेताने. तोवर तो तिला ताई म्हणायचा. त्या दिवसापासून सोडलं ते सोडलंच. संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं, दुसऱ्या दिवशी शाळेत. मोठीशेजारच्या मुलीने आपला जेवणाचा डबा उचलून दुसऱ्या बाकावर नेला. “हिच्याजवळ नको गं, ही चोरते.”

तशात घड्याळजीच्या चोखपणाने घात केला. घरात फ्रिज नव्हता. इन्सुलिनची बाटली थंड जागी ठेवा असं डॉक्टरांनी बजावलेलं, म्हणून ती ओल्या फडक्यात गुंडाळून मातीच्या माठाशेजारी ठेवत. बरं चाललं होतं. पण उन्हाळा लागला आणि घड्याळजीने विचार केला. थंड जागी टिकतं, म्हणजे जितकं जास्त थंड तितकं जास्त टिकणार. त्याने कोपऱ्यावरच्या आइस्क्रीमवाल्याला गाठलं. “वरवर नको ठेवूस बाबा. अगदी तळाला ठेव, बर्फाच्या पोटात.” रोज सकाळी तो बाटली आणायचा, तळहातांत धरून वितळवायचा आणि मोजून, अगदी रेघेवर नजर लावून, मोठीला टोचायचा. इतकी काळजी तर त्याने कुठल्या सोन्याच्या घड्याळाचीही घेतली नसेल.

आणि मी रोज विटकरी. पिवळी नाही, नारिंगी नाही. वीटच.

पट्टा रोज निघू लागला. मोठीने खाणं कमी करून पाहिलं, सोडून पाहिलं. मी लालच. शेवटी तिने ते केलं, जे त्या घरातल्या पोरीलाच सुचू शकतं. दुपारी धाकटा स्टुलावर चढलेला असताना ती मागे येऊन उभी राहिली. त्याचं बोट डब्यातच राहिलं.

“सांगणार आहेस?” तो पुटपुटला.

“नाही.”

“मग?”

“उद्या सकाळी मला तुझी शू दे.”

धाकटा आधी खो खो हसला. मग त्याच्या ध्यानात आलं आणि तो घासाघीस करू लागला, लबाड. “रोज?”

“रोज. तू मला शू द्यायची, मी डब्याचं सांगायचं नाही.”

“आणि शू नाही आली तर?”

“पाणी पी.”

दुसऱ्या दिवशी मी उकळले आणि निळीशार राहिले. घड्याळजीने भिंगातून पाहिलं, भिंग काढून पाहिलं, मला उन्हात धरून पाहिलं. “आली का नाही वठणीवर!” तो आईला म्हणाला. “पट्ट्याशिवाय कळत नाही काहींना.” आईने मोठीच्या केसांना रिबन बांधली. मला फडक्याने पुसलं गेलं. मित्रांनो, मी खरं तेच सांगत होते. धाकट्याच्या लघवीत साखर नव्हतीच! पण माझ्या खऱ्यावर त्या घराने आनंद केला आणि रिबन बांधलेली पोर दिवसेंदिवस करपत गेली. तोंड कोरडं, डोळे खोल, दिवसभर माठापाशी. कोणी विचारलं तर म्हणायची, “उन्हाळा आहे ना.”

एका सकाळी ती उठलीच नाही. श्वास लांबलांब, आणि तोंडाला सडक्या फळासारखा वास. घड्याळजीने तिला उचललं. निघताना मेजावरून मला घेतलं, बाटली घेतली आणि फडक्यात गुंडाळून खिशात घातलं. डॉक्टरांना पुरावा दाखवायचा होता ना!

इस्पितळात बरेच तास धावपळ झाली. मोठी जगली. नंतर तिच्या खाटेपाशी एका नर्सने घड्याळजीला गाठलं. आईला त्यांनी घरी धाकट्याकडे पाठवलं होतं. नर्सने बाटली दिव्याकडे धरली.

“हे गोठलं होतं का हो कधी?”

“रोज बर्फात ठेवतो. अगदी तळाला.”

“अहो, आत बघा. कण दिसतात ना? एकदा बर्फ झाला की इन्सुलिन संपलं. पोरीला तुम्ही नुसतं पाणी टोचत होता.”

घड्याळजीने खिशातून भिंग काढलं आणि बाटली पाहिली. खूप वेळ पाहिली.

“पण लघवी तपासत होतात ना?” नर्सने विचारलं. “लाल येत असेल की.”

त्याने मला पुढे केलं. “निळी येत होती, सिस्टर. रोज निळी.”

“ती धाकट्याची होती,” खाटेवरून आवाज आला.

मोठी जागी होती. नर्स “अगं बाई!” म्हणाली आणि तिला कोणीतरी हाक मारली म्हणून गेली. आता खाटेपाशी तिघंच उरलो. बाप, लेक आणि मी. मी वाट पाहत होते. मला वाटलं, आता तो तिच्या डोक्यावर हात ठेवेल. निळी न येता.

तो म्हणाला, “घरी बाटलीचं बोलायचं नाही. तुझी आई मला जगू देणार नाही.”

“बरं.”

“धाकट्याचंही नको. लहान आहे तो.”

“मग आईला सांगायचं काय?”

तो खिडकीकडे वळला. “सांगू, साखर खाल्लीस म्हणून. तुला सवय आहे त्या नावाची.”

मोठीने मान हलवली. तो म्हणाला तसंच घरी सांगितलं गेलं, गल्लीत सांगितलं गेलं. साखरचोर मरतामरता वाचली. बाटली परत माठाशेजारी आली आणि का आली हे कोणी विचारलं नाही. मोठीच्या मनगटावर एक छोटं घड्याळ आलं, लाल पट्ट्याचं. आई कौतुकाने म्हणाली, “बघ, एवढी चोरी करूनही बापाची किती माया!”

मी आणखी काही वर्षं उकळत राहिले. मग कागदाच्या पट्ट्या आल्या, बुडवायच्या आणि रंग बघायचा. मग बोट टोचून आकडा दाखवणारं यंत्र आलं आणि माझी रवानगी खिडकीत झाली. माझ्या अंगावर धूळ बसली, काठाचा एक टवका उडाला. फडकं घड्याळांसाठी राहिलं. कोणी मला फेकलं नाही, एवढीच काय ती आठवण.

मोठीचं काय झालं, ते मी खिडकीतून पाहिलं. तिला बघायला एक मुलगा आला. त्याच्या आईने चहाचा कप हातात धरून विचारलं, “रोज सुया किती लागतात?” मोठीने सांगितलं. बाईंनी कप तसाच खाली ठेवला. दुसरी आली तिने आणखी काही विचारलं, तिसरी आलीच नाही. आई म्हणे, “तडा गेलेलं भांडं कोण घरात नेतं?” मग घड्याळजीचा हात कापू लागला आणि दुकान मोठीकडे आलं. त्याने तिला आपलं भिंग दिलं, हत्यारं दिली. नाव परत दिलं नाही. शेवटच्या आजारपणात त्याला दिवस-वार कळत नव्हते, पण डोळे उघडले की तो विचारायचा, “निळी आली का?” आणि मोठी म्हणायची, “निळी, बाबा.” तोवर मला कित्येक वर्षांत कोणी ज्योतीवर धरलं नव्हतं.

पुढे नवा बूट घासला, पायाला कळलंच नाही, आणि जखम चिघळून तिच्या पायाची दोन बोटं गेली. एका डोळ्यापुढे धुकं साचलं. इतक्या दशकांची सोबत, आजार भाडं घेतल्याशिवाय थोडाच राहतो. तरी दुसऱ्या डोळ्याला भिंग लावून ती केसाएवढा स्क्रू फिरवते. बशीत सांडणारे काटे ठेवायला तिला काहीतरी हवं होतं. तिने मला खिडकीतून काढलं, धुतलं आणि जुन्या स्टँडसकट मेजावर उभं केलं. तेव्हापासून माझ्या पोटात वेळ आहे. लघवीपेक्षा बढतीच म्हणायची.

धाकटा मोठा झाला, त्याचं लग्न झालं, तो त्याच घरात राहिला. जेवताना पाहुण्यांना हसतहसत सांगायचा, “आमच्या साखरचोराने साखर खाल्ली, बोटं देऊन फेडली!” पाहुणे हसत. आत्या त्याच्या चहासाठी साखरेचं भांडं त्याच्याकडे सरकवी. बास. एवढंच करी.

आणि मग भिंगरीला तहान लागली.

लहानपणीच. तीच तहान, तीच सुई. फक्त गादी गॅलरीत गेली नाही, कारण आत्याने ती वाटेतच अडवली. “डॉक्टर आधी. गादी मग.” पण निदान झालं त्या दिवशी धाकटा काय म्हणाला? “आत्यावर गेली.” जणू नाकच गेलं होतं आत्यावर!

तेव्हापासून रोज संध्याकाळी कामावरून आला की तो भिंगरीच्या यंत्राची बटणं दाबून दिवसभराचे आकडे वाचतो. पट्टा नाही काढत, सुधारलाय. ओरडतो. “दोनशे तीस? काय खाल्लंस? खरं सांग. यंत्र खोटं बोलत नाही.” हे वाक्य मी मेजावरून ऐकलं तेव्हा माझ्यातले काटे शहारले.

भिंगरीला शाळेच्या डोंगर चढायच्या शिबिराला जायचं होतं. तिचं सगळं मन त्या दोरांवर. बाबा म्हणाले, “महिनाभर आकडे नीट दाखव, मग पाठवतो.” आणि आकडे काही ऐकेनात. वाढत्या अंगाचे आकडे ते, ते काय शिबिर बघणार?

तेव्हा चष्मेवालीने आपलं बोट पुढे केलं. “माझं टोच की. माझं रक्त एकदम शहाणं आहे.” यंत्राने दाखवलं, चौऱ्याण्णव. दुसऱ्या दिवशी अठ्ठ्याऐंशी. बाबा खूश. त्यांनी भिंगरीच्या पाठीवर थाप मारली. “आली का नाही वठणीवर!” हे सगळं दुकानातल्या कोपऱ्यात, माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं. आत्या काम करता करता बघत होती की नाही, कळत नव्हतं. ते यश साजरं करतानाच त्या तिघी पैजा लावू लागल्या आणि तो प्रश्न आला. किती साखर चोरलीस गं?

आता कळलं ना, मी दातओठ का खाल्ले असते?

आत्याने मुलींना सगळं सांगितलं, मी तुम्हाला सांगितलं तेवढंच. डबा, शू, बर्फ, नर्स. दाराशी शिडी इतकी आक्रसली की बुटकी वाटू लागली.

“म्हणजे साखर तू...” भिंगरी म्हणाली.

“चिमूटभरही नाही.”

“आणि बाबांनी...”

“सहा वर्षांचे होते तुझे बाबा. सहा वर्षांच्या पोराने साखर खाल्ली तर गुन्हा नाही होत.” आत्याने चष्मेवालीकडे पाहिलं. “बोट दुखतं का गं तुझं?”

चष्मेवालीने हात पाठीमागे नेला.

“सकाळपासून ही पाण्याची तिसरी बाटली आहे तुझी, भिंगरे. तहान मला पावलांवरून ओळखू येते. स्वतःचं कधी तपासलंस?”

“नाही. बघितलंच नाही. भीती वाटते.”

“मग सुई कशाच्या हिशेबाने घेतेस?”

“अंदाजाने.”

आत्या ओरडली नाही. तिने यंत्र पुढे सरकवलं. भिंगरीने आपलं बोट टोचलं. चारशे बारा. तिचं तोंड वाकडं झालं, रडण्याच्या आधी होतं तसं, आणि खांदे आपोआप वर गेले. ओरडा यायचा तेव्हा जातात तसे.

“हं,” आत्या म्हणाली, घड्याळ पाच मिनिटं मागे पडलंय म्हणावं तशी. “चल, डॉक्टरांना फोन लावू. किती घ्यायचं विचारू. मग पाणी पी आणि थोड्या वेळाने परत बघ.”

खांदे खाली आले. मित्रांनो, मी पुष्कळ रंग दाखवले, पण असं होताना पहिल्यांदाच पाहिलं.

म्हणून माझं एक मागणं आहे. तुमच्या घरीही एखादी नळी असेल, एखादं यंत्र, एखादं गुणपत्रक. त्याला पुसा, जपा, वेळोवेळी विचारा. पण त्याचं ऐकून लगेच हात उगारू नका. आम्ही किती ते सांगतो. का, ते आमच्या बापालाही माहीत नसतं.

त्या संध्याकाळी भिंगरीने मला स्टँडसकट जेवणाच्या मेजावर नेलं. किती वर्षांनी सगळ्या घरासमोर! आकडा तोवर उतरणीला लागला होता आणि तिचा आवाज चढणीला. धाकटा चहा घेत होता. भिंगरीने मला त्याच्या कपाशेजारी उभं केलं. मी सवयीने डावीकडे, त्याच्याकडे झुकले.

“ही कसली नळी?” भिंगरीच्या आईने विचारलं.

धाकट्याने मला पाहिलं आणि कप बशीवर वाजला. “ही... ही कुठून काढलीस? फेक ती. घाण आहे.”

“बाबा, आजचा आकडा चारशे बारा होता,” भिंगरी म्हणाली. “आधीचे सगळे चांगले आकडे माझे नव्हते. मैत्रिणीच्या बोटाचे होते.”

तो ताडकन उठला. “लाज नाही वाटत? लबाड! साखर...” आणि पुढचा शब्द त्याच्या तोंडातच राहिला, पूर्वी डब्यात बोट राहिलं होतं तसा. कारण आत्याने नेहमीप्रमाणे साखरेचं भांडं त्याच्याकडे सरकवलं होतं.

“घे, धाकट्या,” ती म्हणाली.

त्याने घेतलं नाही. तो खाली बसला. भिंगरीची आई एकदा धाकट्याकडे, एकदा आत्याकडे पाहत राहिली. “कोणी मला सांगेल का, काय चाललंय या घरात?”

“मी सांगते,” भिंगरी म्हणाली. तिने मला मेजाच्या मधोमध सरकवलं. “आई, बाबा, माझं ठरलंय. शिबिराला नाही पाठवलंत तरी चालेल, पण यापुढे बोट माझंच टोचणार. खरा आकडा रोज कागदावर लिहून या नळीत घालणार आणि इथेच ठेवणार. कितीही वाईट असो. तुम्ही वाचा, काय करायचं ते आपण आत्याला आणि डॉक्टरांना विचारू. आणि ज्याला तो वाचून ओरडायचं असेल, त्याने आधी आत्याला ताई म्हणायचं. मोठ्याने. गॅलरीत उभं राहून.”